बोरच्या जंगलात कॅमेरे आहेत, कॉलर आहेत, तरी ‘आज वाघ दिसेल’ याची खात्री कुणीच का देत नाही?

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं गाव. बोर व्याघ्र प्रकल्पात सफारीला निघालेल्या गाड्या इथूनच बोरधरणाकडे जातात. पहाटे गारठ्यात कुडकुडत लोक जिप्सीत बसतात आणि गाइडला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय भाऊ, आज दिसेल का?’

उत्तरही ठरलेलं असतं. ‘जंगल आहे साहेब. दिसला तर दिसला.’

ऐकणाऱ्याला हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटतं. कारण त्याला माहीत असतं, की याच जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले आहेत. देशातल्या कितीतरी वाघांच्या गळ्यात कॉलर घालून उपग्रहावरून त्यांचा माग काढला गेला आहे. मागवलेलं जेवण कोणत्या चौकात पोहोचलं हे मोबाइलवर कळतं, मग वाघ कुठे आहे हे का कळू नये?

गाइडचं उत्तर टोलवाटोलवीचं नाही, ते खरं आहे. ते का खरं आहे, हे बोर आणि आसपासच्या जंगलांत गेल्या काही वर्षांत जे घडलं त्यावरून समजतं.

जंगल लहान, वाघ मोकळा

बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. त्याचा गाभा, म्हणजे कोअर भाग, सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा आहे. ताडोबाचा गाभा त्याच्या चौपटीहून मोठा आहे.

आता वाघाचा हिशोब बघा. भक्ष्य भरपूर असेल तर एका वाघिणीला साधारण २० चौरस किलोमीटर जंगल पुरतं. नराला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. म्हणजे बोरमध्ये मोजकेच वाघ कायमचे राहू शकतात. त्यांची पिल्लं दोन वर्षांची झाली की त्यांना स्वतःची जागा शोधायला बाहेर पडावं लागतं.

बोरचं महत्त्व इथेच आहे. मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, उमरेड-करांडला आणि ताडोबा या जंगलांच्या मधोमध ते आहे. वाघांच्या प्रवासात ते एसटी स्टँडसारखं काम करतं. कुणी येतो, काही महिने राहतो, पुढे निघून जातो. पण इथून सुटणाऱ्या गाडीला वेळापत्रक नसतं.

त्यात वाघाची दिनचर्या आडवी येते. तो मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात फिरतो. दिवसा बहुतेक वेळ सावलीत किंवा पाण्यात पडून असतो. वाळक्या गवतात पिवळे-काळे पट्टे असे मिसळतात, की दहा-पंधरा फुटांवरचा वाघही नजरेतून सुटतो. सफारी चालते काही तास, तीही ठरलेल्या रस्त्यांवर. तेवढ्यात वाघाने रस्त्यावर यावं, हा योगच म्हणायचा.

न झोपणाऱ्या कॅमेऱ्यालाही वाघ क्वचितच दिसतो

माणूस थकतो, डुलक्या घेतो. कॅमेरा तर तसं करत नाही ना?

जंगलात लावतात त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. त्यात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. समोरून गरम शरीर हललं की तो कॅमेऱ्याला चालू करतो आणि फोटो निघतो. वाघासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखे हे पट्टे प्रत्येक वाघाचे निराळे. त्यावरूनच वाघ ओळखून मोजले जातात.

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. त्यांनी एकूण ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. कॅमेरा ट्रॅपने केलेलं हे जगातलं सर्वांत मोठं सर्वेक्षण म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

या ३ कोटी ४८ लाख फोटोंत वाघाचे फोटो होते ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक. बाकीच्यांत चितळ, सांबर, रानडुकरं, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. दिवसरात्र डोळा उघडा ठेवून बसलेल्या यंत्राची ही गत, मग तीन-चार तासांसाठी आलेल्या पर्यटकाने निराश का व्हावं?

त्या गणनेत देशात २,९६७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले २,४६१ वाघ फोटोंत प्रत्यक्ष ओळखता आले. उरलेले गणिताने धरले. हा आकडा चुकीचा आहे असं नाही. पण इतकी यंत्रणा कामाला लावूनही काही वाघ कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत, हे शास्त्रज्ञ आधीपासून धरून चालतात.

विदर्भात या सेन्सरची आणखी एक अडचण आहे. तो उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दगड, माती आणि प्राण्याचं अंग यांच्या तापमानात फारसं अंतर राहत नाही. मग समोरून गेलेला प्राणीही सेन्सरकडून सुटू शकतो. उलट, तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी कॅमेरा फोटो काढत बसतो.

कॉलर घातलेल्या वाघिणीचे अडीच महिने

कॅमेरा एकाच जागी असतो. रेडिओ कॉलर मात्र वाघाबरोबर फिरते. ती ठराविक वेळाने जीपीएसवरून जागा टिपते आणि उपग्रहामार्फत पाठवते. जवळ गेलं तर हातातल्या अँटेनावरही तिचे सिग्नल मिळतात. एवढं असल्यावर वाघ हाताबाहेर जाणार नाही, असं वाटणं साहजिक आहे.

बोरने २०१७ मध्ये याचा अनुभव घेतला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात एका तरुण वाघिणीवर माणसांवरच्या हल्ल्यांचा ठपका होता. वन विभागाच्या नोंदीत ती टी-२७ सी-१. त्या जुलैमध्ये तिला बेशुद्ध करून पकडलं, कॉलर घातली आणि महिनाअखेरीस बोरच्या जंगलात सोडलं. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. जंगल संरक्षित, वाघीण तरुण, गळ्यात यंत्र आणि मागावर माणसं.

वाघीण बोरमध्ये थांबलीच नाही.

ती वर्धा, नागपूर, अमरावती जिल्ह्यांच्या शेतशिवारांतून चालत राहिली. कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा, नाले, रस्ते, गावं ओलांडत गेली. सुमारे अडीच महिन्यांत तिने ५०० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. या काळात माणसांवर हल्ले झाले, त्यांत माणसं दगावली. गावोगावी दहशत बसली. तिला मारण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

शेवट बंदुकीने झाला नाही. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी वर्धा जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात सिंदीविहिरी शिवारात ती मेलेली सापडली. पिकाच्या राखणीसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेचा धक्का तिला बसला होता.

कॉलर काम करत नव्हती, असं कुणी म्हणू शकत नाही. वाघीण कुठून कुठे गेली हे तिच्यामुळेच कळलं. पण कॉलर सांगते ती होऊन गेलेली गोष्ट. वाघीण अमुक वेळी अमुक जागी होती, एवढंच. ती पुढे कोणत्या नाल्यात उतरेल, कोणत्या बांधावर बसेल, तिथे त्या वेळी कोण शेतकरी असेल, कुठल्या शेतात त्या रात्री तारेत वीज सोडलेली असेल, यातलं काहीच त्या यंत्राला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बोरचा ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा नर वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. वाघ बोरचा, पण त्याच्या चालण्याची हद्द कुणाच्या नकाशाप्रमाणे नव्हती.

एक हरवला, एक चालतच राहिला

कॉलर बंदही पडते. उमरेड-करांडलाचा ‘जय’ हा महाराष्ट्रातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध वाघ. तो नागझिऱ्याहून शंभराहून जास्त किलोमीटर चालून २०१३ मध्ये उमरेडला आला होता. त्याला कॉलर घातली, ती बिघडली, म्हणून पुन्हा घातली. एप्रिल २०१६ मध्ये तिचे सिग्नल थांबले आणि जय दिसेनासा झाला. कितीतरी शोधाशोध झाली. त्याचं काय झालं, हे अजून कोडंच आहे.

याच्या उलट गोष्ट यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या एका तरुण नराची. त्यालाही २०१९ मध्ये कॉलर घातली होती. तो महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या शेतांतून, रस्ते आणि नद्या ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. कॉलर होती तेवढ्या काळात तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याने हे का केलं असावं, तर बहुधा जागा, भक्ष्य आणि जोडीदार शोधण्यासाठी. पण तो टिपेश्वर सोडून ज्ञानगंगेला जाईल, हे आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे दिसतो. वाघ फक्त जंगलात राहतो, ही समजूत वॉकरच्या कॉलरने खोटी ठरवली. शेतातून, नाल्याकाठच्या झुडपातून वाघांचे रस्ते जातात, हे तिने दाखवलं. यंत्राने वाघाचं मन ओळखलं नाही, पण आपण वाघाला किती कमी ओळखतो हे मात्र कळलं.

वाघाच्या अशा बेभरवशाच्या वागण्यात त्याचं संरक्षणही आहे. तो रोज एकाच वेळी एकाच वाटेने गेला असता तर शिकाऱ्याने सापळा लावला असता. म्हणूनच कॉलरची ताजी माहिती गुप्त ठेवतात. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना इथल्या एका वाघाची जीपीएस माहिती जिथे येत होती, तो ईमेल उघडण्याचा अनोळखी प्रयत्न झाल्याचं समोर आलं होतं. वाघाचा ठावठिकाणा सगळ्यांना कळणं वाघाच्या हिताचं नसतं.

जंगल चालतंच या अनिश्चिततेवर. चितळाला वाघ कुठे दबा धरून बसलाय हे कळत नाही, म्हणून ते सावध राहतं. वाघालाही चितळ कोणत्या बाजूला उडी घेईल हे कळत नाही, म्हणून त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात. दोघांपैकी एकालाही सगळं आधी कळलं असतं, तर दुसरा उरलाच नसता.

शेतकऱ्याला मात्र या अनिश्चिततेचं कौतुक कसं वाटेल?

हे सगळं जिप्सीत बसून छान वाटतं. हिंगणीच्या आसपासच्या शेतकऱ्याचं काय?

त्याच्यासाठी अनिश्चितता म्हणजे भीती. शेतीची वीज पाळीपाळीने मिळते, कधी रात्रीची. ओलित करायला अंधारात शेतात जावं लागतं. रानडुकरांचा आणि रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा लोळवून जातो, म्हणून जागल करावी लागते. त्याला वाघ बघायचा नसतो, पण भेटला तर तो त्यालाच भेटतो.

त्यातूनच तारेत थेट वीज सोडण्याचा उपाय येतो. तोही अनिश्चितता संपवण्याचाच प्रयत्न. तार लावली, आता डुक्कर येणार नाही. पण त्या तारेला डुक्कर, वाघीण, शेजाऱ्याची गाय आणि पहाटे पाणी द्यायला आलेला माणूस यांतला फरक कळत नाही. अशी तार लावणं हा गुन्हा आहे आणि तिने वाघांबरोबर माणसंही मेली आहेत.

सौर कुंपण यापेक्षा वेगळं असतं. त्यात बॅटरीवर चालणारं यंत्र साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका सोडतं. झटका जोराचा बसतो, पण दोन झटक्यांच्या मधल्या वेळात प्राणी मागे हटू शकतो. थेट विजेत प्रवाह सलग असतो, स्नायू आखडतात आणि सुटका होत नाही. महाराष्ट्रात जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी सरकारी योजनेतून अनुदान दिलं जातं.

सूचना देणारं तंत्रज्ञानही येत आहे. ताडोबाजवळच्या सीतारामपेठ गावात गावाच्या कडेला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले आहेत. वाघ-बिबट दिसला की ते सूचना पाठवतात. याचा उपयोग नक्की आहे. पण कॅमेरा समोर आलेला वाघ दाखवतो, न आलेला नाही. ‘सूचना आली नाही, म्हणजे वाघ नाही’ असं समजून कुणी एकटा अंधारात गेला, तर तोच उपाय धोक्याचा ठरेल. म्हणून एकट्याने न जाणं, बोलत-आवाज करत चालणं, शेतात वाकून काम करताना कुणीतरी उभं राहून लक्ष ठेवणं, या जुन्या सवयी कोणत्याही यंत्राने रद्द होत नाहीत. आज वाघ कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांत आधीच धरलेलं असतं. आणि दिवसा वीज मिळाली तर त्यातली निम्मी भीती कुठल्याही कॅमेऱ्याशिवाय कमी होईल.

‘दिसलाच पाहिजे’ हा हट्ट कुठे नेतो

अनिश्चितता न मानण्याचं दुसरं टोक पर्यटनात दिसतं. पैसे भरले, पहाटे उठलो, म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर चिडचिड, दिसला तर जिप्सी अजून पुढे घ्यायचा आग्रह.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडलाच्या गोठणगाव भागात एक वाघीण पाच पिल्लांसह रस्त्यावर आली आणि दोन्हीकडून सफारीच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. त्याचे व्हिडिओ सगळीकडे पसरले. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडवर कारवाई झाली. गाड्या थोड्या मागे थांबल्या असत्या तर वाघीण तिच्या वाटेने गेली असती आणि लोकांनाही पिल्लांची चाल बघायला मिळाली असती.

ताडोबासारख्या प्रकल्पांत सफारीत मोबाइलला बंदी आहे, त्यामागे हेच कारण आहे. एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून दहा गाड्या धावत येतात. मोबाइल नसला की गाडीतल्या माणसाला नाइलाजाने जंगलच बघावं लागतं.

कानाने बघायचं जंगल

गाइड लोक मग काय करतात? ते ऐकतात.

झाडाच्या शेंड्यावरचं वानर खाकरल्यासारखा आवाज काढू लागलं, तर त्याला वरून काहीतरी दिसलेलं असतं. चितळ तीक्ष्ण हाक देतं, पण ते उगाचही घाबरतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. सांबर सहसा विनाकारण ओरडत नाही. त्याचा ‘ढँक’ असा ठणठणीत आवाज आला की गाइड हाताने खूण करून गाडी बंद करायला लावतो. मग सगळे श्वास रोखून बसतात.

पाच मिनिटं जातात. दहा मिनिटं जातात. कधी बांबूतून वाघ बाहेर येतो. बहुतेक वेळा येत नाही. आवाज थांबतात, वानरं पुन्हा पाला ओरबाडायला लागतात, म्हणजे जे होतं ते निघून गेलं. गाइडलाही ते काय होतं हे पक्कं सांगता येत नाही. त्याच्या अनुभवालाही मर्यादा आहे, फक्त ती त्याला माहीत आहे. ‘दिसला तर दिसला’ या उत्तरात तीच मर्यादा असते.

त्या दहा मिनिटांत मात्र शहरातून आलेल्या माणसाने पाचोळ्यावरची पावलं ऐकलेली असतात, वाऱ्याची दिशा बघितलेली असते, मोराच्या आणि सांबराच्या हाकेतला फरक ओळखलेला असतो. वाघ हमखास दिसणार असता, तर यातलं काहीच त्याने केलं नसतं. हमखास दिसणारा वाघ प्राणिसंग्रहालयात असतो आणि त्यासाठी हिंगणीपर्यंत यायची गरज नाही.

सफारी संपते. वाघ दिसलेला नसतो. गाडी आलेल्याच रस्त्याने परत निघते आणि कधीकधी एखाद्या वळणावर गाइड ती थांबवून खाली बोट दाखवतो. धुळीत सकाळी याच गाडीच्या टायरची नक्षी उमटलेली असते आणि त्या नक्षीवर, अगदी ताजा, वाघाच्या पंजाचा ठसा.

गाडी पुढे गेल्यावर तो मागून निवांत रस्ता ओलांडून गेलेला असतो.